रॅममध्ये राहिलेली किल्ली

खोटं वाटेल, पण हे माझ्या धाकट्या मावशीच्या बाबतीत घडलंय. आणि ती थापा मारणाऱ्यातली नाही.

गेल्या हिवाळ्यातली दुपार. मावशीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. एक बाई नवऱ्याचा लॅपटॉप घेऊन आली. नवरा नुकताच, अचानक गेला होता.

"पासवर्ड कुणालाच माहीत नाही," ती म्हणाली. "आत त्याने लेकीसाठी रेकॉर्ड केलेल्या गोष्टी आहेत. त्या ऐकल्याशिवाय पोरगी झोपत नाही हो."

मावशीने झाकण उघडलं. लॅपटॉप बंद नव्हता. नुसता झोपवलेला होता.

"मीच चार्जिंगला लावत राहिले. बंद करायला हात धजावला नाही."

"बरं केलंत. मशीन चालू असेपर्यंत डिस्कच्या कुलपाची किल्ली रॅममध्ये, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या स्मृतीत, पडून असते. वीज तोडली तरी क्षणभर रेंगाळते, गारठवली तर आणखी थोडी. चोरही असंच करतात."

तिने रॅमच्या पट्टीवर थंड फवारा मारला. पट्टी उपसून झटकन आपल्या मशीनमध्ये बसवली.

किल्ली मिळाली, अक्षरं-आकड्यांची एक लांब ओळ. डिस्क उघडली. गोष्टीही सापडल्या, मावशीने त्या पेनड्राइव्हवर उतरवून दिल्या.

खाली आणखी एक फोल्डर होता. बिननावाचा...

बाई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"तो नको. दाखवायचा असता तर त्यानेच दाखवला असता. आणि ही पट्टी तुमच्याकडेच ठेवा. घरी असली तर मला राहवणार नाही."

दुसऱ्या दिवशी मावशीने सहज ती पट्टी तपासली. रात्रभर विजेविना पडलेली. कोरी असायला हवी होती.

किल्ली तिथेच होती... अख्खी.

तिने ती पुसली. पुन्हा पाहिलं.

होती...

तेवढ्यात बाईचा फोन आला.

"ताई, रॅमशिवाय लॅपटॉप सुरू होतो का?"

"शक्यच नाही. का?"

"पंखा फिरतोय. आणि आतून... कुणीतरी काहीतरी वाचतंय."

"कुणाचा आवाज आहे?"

बाईने फोन लॅपटॉपजवळ धरला.

पुरुषाचा आवाज. हळू, दमलेला.

बी... सात... एफ... शून्य...

मावशीची नजर समोरच्या स्क्रीनवर गेली. तीच किल्ली. त्याच क्रमाने.

शेवटचं अक्षर वाचून झालं. पंखा थांबला.



"तो फोल्डर आपोआप उघडलाय," बाई म्हणाली.

"बघू नका. झाकण लावा आधी."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग तोही नाही.

फोन कट झाला.

मावशी दुकान तसंच टाकून तिच्या घरी धावली. बाईनेच दार उघडलं. डोळे सुजलेले, आवाज मात्र शांत.

"काय होतं त्यात?"

"मला हे त्याने जिवंतपणी सांगायला हवं होतं," ती एवढंच म्हणाली. आणि दार लावून घेतलं.

मावशीने पट्टी हातोडीने फोडून टाकली. पण आजही मशीन बंद केल्यावर ती लगेच उठत नाही. कान देऊन बसते.

काय ऐकतेस, विचारलं, तर म्हणते, "काही नाही... अजून तरी."