कोरे टायर

टायर बदलायचे तर आता दुकानात नव्हे, डॉक्टरांकडे जावं लागे. आणि डॉक्टरही रबराचे! तन्वीकाकू मांडवकरांना ह्याचं भारी हसू येई. अणुस्कुरा घाटात बंद पडलेल्या गाड्यांना टोचन लावायचं, म्हणजे आपल्या पिकअपमागे बांधून त्या खाली राजापुरात आणायच्या, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. पूर्वी नवरा, सौरभ, गाडी चालवी आणि काकू शेजारी बसून अक्कल शिकवत. सौरभ जाऊन सात वर्षं झाली होती.

स्मृतिरबर निघालं तेव्हापासून टायर शिकू लागले होते. ह्या रबराचे रेणू लांबच लांब साखळ्यांसारखे असत. रोज जसा दाब पडे, तशा त्या वळत आणि तशाच राहत. मागे ओझं असताना चालकाचा पाय कुठे सैल होतो, हे टायर ओळखे आणि वळणाआधीच तयार होई. चालकाच्या ह्या लकबीला ‘चाल’ म्हणत. नवे टायर घेताना जुन्यांमधली चाल त्यांच्यात उतरवून मिळे.

नवव्या वळणाच्या बरंच आधी सौरभ गाडी हळू करून डोंगराच्या अंगाला घेई. “बैलगाडी हाकतोयस का?” असं काकू तेव्हा ओरडत. तो गेल्यावर स्वतः चालवू लागल्या, तेव्हा त्याच जागी गाडी आपोआप सावरली. त्या दिवशी त्या घाटातच गाडी उभी करून पोटभर रडल्या. मग चार वर्षांत बदलायचे ते टायर त्यांनी सात वर्षं रेटले. उतरवताना चाल बिघडली तर?

“काकू, पार गोटा झालेत हो!” डॉक्टर अरीबा मुकादम टायरवरून हात फिरवत म्हणाली. “टोचनाच्या गाडीला कणखर कडेचे टायर लागतात. मागची गाडी ओढायला लागली की ह्यांची कड दबते. एक दिवस दरीत जाल.”

“घालते ना नवे. आधी सौरभची चाल काढून दे.”

अरीबानं टायर यंत्रावर चढवले. बराच वेळ ती पडद्याकडे बघत राहिली.

“काकू, चाल वरच्या थरात असते. रबर झिजलं की तीही झिजते, आणि खालच्या थरात चालवणाऱ्याची नवी चाल उमटते. ह्यात आहे ती सगळी तुमची आहे.”

“खुळी काय गो तू? अजून नवव्या वळणावर गाडी आधीच सावरते!”

“तुम्ही सावरता. सुरुवातीला टायरनं तुम्हाला शिकवलं. पुढं टायर तुमच्याकडून शिकले.”

काकूंनी यंत्रावरच्या टायरवर हात ठेवला. “कधी पुसला तो?”

“चारेक वर्षं झाली. त्याआधी आला असतात तर उतरवून देता आलं असतं.”

“तारीख? तिथी तरी?” काकूंनी विचारलं. “मी त्याचं एकही श्राद्ध घातलं नाही गो. माणूस गाडीत बसलेला असताना श्राद्ध कुणाचं घालू?”

“रबराला दिवस कळत नाहीत, काकू.”

मग अरीबानं हळूच विचारलं, “तुमची चाल उतरवू नव्या टायरांत?”

“नको. कोरेच दे. आता माझी मी चालवीन.”

कणखर कडेचे चार कोरे टायर बसले. दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, काकू एका बंद जीपला टोचन लावून घाट उतरू लागल्या. नववं वळण दिसलं. इथं आपल्या पद्धतीनं वळायचं, असं त्यांनी घोकून ठेवलं होतं. पण आपली पद्धत कुठली, ते काही केल्या आठवेना. वळण यायच्या बरंच आधी पाय सैल पडला आणि हातांनी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली.

टायर पहिला धडा शिकले. त्यांच्या लेखी ती चाल तन्वी मांडवकरांची होती.