काकासाहेबाचा मूळपुरुष

रात्री जेवणं झाली की बद्रीनाथ आबा पोरांना ही हकिकत सांगतात. काकासाहेबाला ते जवळून ओळखत, त्यामुळं त्याच्याविषयी चांगला शब्द निघायची सोय नव्हती.

रेल्वेच्या ब्रॉडगेजसाठी मुकुंदवाडीजवळ माती काढताना रोमन खापऱ्या निघाल्या. सोबत तांब्याचा एक गोल तुकडा, त्यावर नाकाड्या राजाचं तोंड, वर दोरा ओवायला भोक. पुरातत्त्वाचे साहेब म्हणाले, हा रोमचा राजा, पैठणच्या जुन्या व्यापारात आलेला. रात्रीतून काकासाहेबानं तुकडा लांबवला आणि आपला मूळपुरुष म्हणून गावभर मिरवला. बाप फकिरा जन्मभर सालगडी, त्याची याला लाज. मेल्यावर पत्र्यावर तोंड उमटवून घडवलेला बापाचा टाक या दिवट्यानं देवघरातून काढून पिठाच्या डब्यात टाकला आणि त्या जागी राजा बसवला. आई साळूबाई रडली. "त्यांची जागा त्यांना दे," म्हणाली. ऐकतो कोण?

सर्वपित्रीला दिवेलागणीच्या वेळी तो पित्र जेवायला बोलवायला निघाला. म्हातारा सांडू दरसाल फकिराच्या नावानं जेवायचा. यंदा राजाच्या नावानं जेव म्हटल्यावर त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"ज्याचं नाव ठाव नाय, त्याच्या नावानं घास कसा घेऊ?"

काकासाहेब तणतणत रुळाकडेनं परतला. मस्ती बघा, अंधाराकडं तोंड करून त्या राजालाच म्हणतो, "मग तूच चल की, बाबा."

मागं खडी वाजली. तो थांबला. खडी थांबली. तो चालला... परत वाजली.

घरी साळूबाईनं पान मांडलं होतं. ती त्याच्या खांद्यामागं बघू लागली.

"हे पाव्हणे कोण?"

मागं कुणी नव्हतं.

लाईट गेली.

पानावर कुणीतरी जेवत होतं... सावकाश. मग उठलं. गार हात काकासाहेबाच्या तोंडावर आला. कपाळ. मिशा. डाव्या गालावरची चामखीळ. आंधळा बाप लेकराला चाचपतो, तसा.

मग काहीच नाही...

लाईट आली. पान साफ झालेलं. तांब्याचा तुकडा देवघरात जागच्या जागी होता, पण त्यावर राजा नव्हता. झुपकेदार मिशा होत्या. डाव्या गालावर चामखीळ होती.

साळूबाईनं पिठाचा डबा उघडला, नवऱ्याचा टाक पदरानं पुसला आणि देवघरात ठेवला. तो तुकडा मात्र तिथून हलवायला कुणी धजलं नाही. टाक मेलेल्या माणसाचा करतात, पोरांनो. काकासाहेब तर शेजारी उभा होता.