आठशे बारा

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, गोठलेल्या तळ्याकाठच्या एका गावात, दर फेब्रुवारीत चर्चच्या अंगणात स्कॅनची गाडी येऊन उभी राहते. माणसाने टेबलावर निजायचं, दहा सेकंद श्वास धरायचा, की हृदयाच्या रक्तवाहिन्यांत किती कॅल्शियम साचलंय त्याचा आकडा पडद्यावर येतो. शून्य आला की माणूस शेजारच्या हॉलमध्ये जाऊन केक खातो. धोक्याचा, चारशेच्या वर गेला तरी खातोच, फक्त बायकोची नजर चुकवून.

यंत्रावर गावातलीच मार्नी होती. म्हातारा हिल्मर टेबलावरून उठला तरी ती पडद्याकडेच बघत राहिली.

"काय गं पोरी, हृदय सापडलं नाही वाटतं? सोल्वेग म्हणतेच, मला ते नाहीये म्हणून."

"शून्य आलाय, आजोबा."

गेल्या वर्षी आठशे बारा होता. येत्या सोमवारी शहरात त्याची अँजिओग्राफी ठरलेली. आणि रक्तवाहिनीत साचलेलं कॅल्शियम काही असं नाहीसं होत नाही. नावांची अदलाबदल झाली असेल म्हणून मार्नीने जुनी चित्रं काढली. डावीकडची मोडून जुळलेली बरगडी दोन्हीकडे तीच. म्हणजे माणूस तोच. जुन्या चित्रात पांढऱ्या ठिपक्यांचा एक सर होता आणि त्याच्या टोकाला मासे धरायच्या गळासारखा वाकडा तुकडा. नव्या चित्रात तिथे नुसता काळोख.

हिल्मर कापडी पडद्याआड कपडे करायला गेला आणि त्याची बायको सोल्वेग टेबलावर निजली. गेल्या वर्षी तिचा आकडा शून्य होता.

"श्वास धरा."

सर उमटला. टोकाला गळ.

आठशे बारा.

मार्नीने हिल्मरचं जुनं चित्र शेजारी लावलं: ठिपका न् ठिपका तोच.

"आलं ना?" सोल्वेग निजल्या निजल्या म्हणाली. "त्याला सांगू नकोस हो. परत मागत बसेल."

"काय परत मागेल?"

"जानेवारीत बर्फावर मासे धरताना त्याच्या छातीत कळ आली. मी म्हटलं, दे माझ्याकडे. नको म्हणाला. पुन्हा म्हटलं, पुन्हा नको. तिसऱ्यांदा म्हणाला, बरं, तुला त्रास होणार नसेल तर."

त्या गावात कॉफीसुद्धा दोनदा नाकारून तिसऱ्यांदा घेतात. पहिल्याच हाकेला कप पुढे करणारा हावरट ठरतो. मार्नीला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

पडदा बाजूला झाला. हिल्मरच्या एकाच पायात बूट होता.

"सोल्वेग, माझं मला दे."

"नाही."

"दे म्हणतो ना!"

"नाही. तुला साधे मोजे सांभाळता येत नाहीत."

त्याने तिसऱ्यांदा तोंड उघडलं. तिने त्यावर तळहात दाबला आणि तो हळूहळू रडू लागेपर्यंत काढला नाही.

मार्नीने शहाण्या माणसासारखं केलं. डॉक्टरांना फोन लावला, सोमवारची वेळ सोल्वेगच्या नावावर करून घेतली. मग कोट चढवून देताना म्हणाली, "आजी, मी काही करू का तुमच्यासाठी?"

"नको गं."

दाराशी पुन्हा विचारलं. "खरंच, काही करू का?"

"नको नको, तू कशाला."

बाहेर पायऱ्यांवर बर्फ होतं. सोल्वेग कठडा धरून, धापा टाकत उभी राहिली. तिची ती अवस्था मार्नीला बघवेना.

"आजी, सांगा ना. मी काही—"

"पोरी, गप्प!" हिल्मर मागून ओरडला.

"—करू का?"

सोल्वेग वळली. बराच वेळ तिने मार्नीकडे पाहिलं. कुणाच्या घरून निघताना बघतात, तशा मायेने.

"बरं," ती म्हणाली, "तुला त्रास होणार नसेल तर."

आणि कठडा सोडून भराभर पायऱ्या उतरली.

मार्नी दारातच राहिली. तिला पूर्ण श्वास घेता येईना. छातीत डावीकडे काहीतरी वाकडं रुतत होतं.

हिल्मर तिच्याकडे न बघता तिच्या शेजारून खाली गेला. आपल्या मोटारीत बसल्यावर मात्र त्याने काच पुसून वर पाहिलं. मग टोपी काढली आणि छातीशी धरली, रस्त्याने शवपेटी चालली की तिथले म्हातारे धरतात तशी.