पाण्याचा स्विच

"माझ्या नवऱ्याला मी मारलं का, तेवढं बघून सांगा," शिवकन्या म्हणाली.

उमाबाई हंगरगे टेबलामागे बसल्या होत्या. लातुरात खासगी तपासाचं काम करणाऱ्या त्या एकट्याच बाई. दाराजवळच्या स्टुलावर पंढरी होता. हवालदार म्हणून निवृत्त झालेला, आणि बायको गेल्यापासून दिवसभर इथेच बसणारा. त्याने शिवकन्येपुढे अर्धा पेला पाणी ठेवलं. त्या एप्रिलात पाहुण्यालाही अर्धाच पेला मिळे.

"असं का वाटतं तुला?" उमाबाईंनी विचारलं.

शिवकन्या उदगीरची. तिचा नवरा मलप्पा पाट्या करायचा. उदगीर नवा जिल्हा होणार, कचेऱ्या येणार, पाट्या लागणार, असं सगळे म्हणत होते. म्हणून त्याने प्लास्टिकची अक्षरं कापणारं लेझर मशीन स्वतःच्या हाताने बांधलं. एकेक भाग पारखून आणला.

"त्या दिवशी सकाळपासनं लाइट नव्हती. जेवण करून हे शेडात गेले, मी टँकरच्या लाइनीत. आमच्याकडं लाइट गेली की मेन स्विच पाडून ठेवायचा, ही ह्यांचीच शिस्त. संध्याकाळी लाइट आली. मी स्विच वर केला, चहा टाकला. चहा घेऊन गेले तर हे मशीनपाशी पडलेले. झाकण उघडं, हात आत. मान सरळ करू लागले तर वळंनाच. लाकडावानी."

"कोण म्हणालं तुझ्यामुळं झालं?"

"तसं कोणी न्हाई. थोरले भावजी म्हणले, तुझा काय दोष, तुला काय माहीत त्याचा हात आत हाय ते. सगळ्या गल्लीला तेच सांगितलं."

पंढरीने मान खाली घातली. बायको गेल्यावर अशी समजूत काढणारे त्यानेही ऐकले होते.

उमाबाई आणि पंढरी तिच्याबरोबर उदगीरला पोचले, तो मलप्पा गेल्याचा आठवा दिवस होता. शेडला त्या संध्याकाळपासून कुलूप होतं. शेडचं मागचं दार शेजारच्या पाण्याच्या प्लँटात उघडत होतं. मलप्पाचा थोरला चुलतभाऊ गुरुपादप्पा, म्हणजे शिवकन्येचे थोरले भावजी, तिथे फिल्टर पाण्याचे जार भरून विकायचा. अंगणात शेजारची नागुबाई तान्ह्या नातवाला मांडीवर घेऊन बसली होती.

उमाबाईंनी आधी व्यंकटीला बोलावलं. तो मोटारी बांधणारा. मशीनची जोडणी त्याने केली होती.

"बाई, मला फासावर द्यायला आलात का?" तो म्हणाला. "पोलीसबी मलाच विचारायलेत."

"आधी मशीन समजावून सांग."

"ही काचेची नळी. हिच्यात लेझर. ही लाल वायर हिला हजारो व्होल्ट देती. नळी तापू नये म्हणून खालच्या निळ्या टाकीतनं पंप पाणी फिरवतो. पाणी थांबलं की सप्लाय बंद. हा पाण्याचा स्विच. झाकण उघडलं तरी बंद. हा झाकणाचा. मी म्हणलं, मलप्पा, दोन-दोन स्विच कशाला? तर म्हणला, घरात बाईमाणूस हाय."

"झाकणाच्या स्विचवर ही तार कसली?"

व्यंकटी वाकला. "ही माझी न्हाई. स्विच निकामी केलाय कोणीतरी, झाकण उघडं असताना मशीन चालावं म्हणून. मी टाके झाळतो, बाई. ही नुसती पिळलेली हाय."

"पाण्याच्या स्विचवर तार आहे?"

"न्हाई. तो जसाच्या तसा हाय."

"आणि घरातली साधी लाइट मशीनला जोडलेला भाग? तिथं हात लागला असेल?"

"त्या बंद पेटीत. स्क्रूवर रंगाचा ठिपका हाय माझा, तुटलेला न्हाई. म्हणजे पेटी कोणी उघडलीच न्हाई."

"त्या दुपारी तू कुठं होतास?"

"लाइट न्हाई तर कुठं जातो? टॉवेल तोंडावर घेऊन पडलो. गल्लीत एकट्या गुरुपादप्पाकडं करंट असतो. जनरेटर हाय ना त्याच्याकडं. आमच्याकडं माशा."

पंढरीने निळ्या टाकीचं झाकण उचललं. आत ठणठणीत कोरडं होतं. "उन्हानं वाळलं बाई," तो म्हणाला.

अंगणातली नागुबाई उठली आणि घाईने घरात गेली.

"टाकीचं झाकण इतकं घट्ट होतं, पंढरी, की तुला दोन्ही हात लावावे लागले. आठ दिवसांत भरलेली टाकी वाळते?" उमाबाईंनी शिवकन्येकडे पाहिलं. "पाणी कुठलं घालायचा तो?"

"पहिलं भावजींच्या जारचं. महिना झाला, बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी विकत आणू लागले. भावजी रुसले त्यानं. ह्यांच्या खिशात पाण्यातला क्षार मोजायचं पेनासारखं मीटर असायचं. पाणी दिसलं की बुडवायचे. पोरं हसायची."

"कुठंय ते?"

"पोलिसांनी रुमाल अन् चाव्या परत दिल्या. मीटर न्हाई."

गुरुपादप्पा आला. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढरा सदरा. त्याने दोन्ही हात जोडले. "शरणार्थ, बाई. माझा भाऊ गेला. अजून काय बघायचंय?"

"तुम्ही आलात तेव्हा काय दिसलं?"

"शिवकन्या ओरडली, मी पळत आलो. मशीन चालू होतं. नळीतनं पाणी खळखळत होतं. मीच बटण बंद केलं, न्हाई तर हीबी चिकटली असती."

"त्याच्याआधी दुपारी भेट झाली होती?"

"न्हाई. प्लँटात लई गर्दी होती."

उमाबाई तासभर बाहेर जाऊन आल्या. परत आल्या तेव्हा ठाण्याचा फौजदार बरोबर होता. तो मागच्या दारापाशी उभा राहिला. नागुबाईला त्यांनी हाताला धरून आणलं होतं. ती पदर तोंडाला लावून रडत होती.

"सांगा, मावशी. कोणी काही म्हणणार नाही."

"मी पाणी चोरलं," नागुबाई म्हणाली. "जारचं पाणी पिऊन लेकराला जुलाब लागले. मलप्पा म्हणला होता, ते पाजू नका. दुपारी शेडात कोणी नव्हतं. मी घागरी भरून टाकी रिकामी केली. रात्री सांगावं म्हणलं, तर हे असं झालेलं."

"ऐका सगळे," उमाबाई म्हणाल्या. "दुपारपासून टाकी कोरडी. पाण्याचा स्विच शाबूत. म्हणजे लाइट आल्यावर सप्लाय चालूच झाला नाही. शिवकन्येने स्विच वर केला तेव्हा ह्या लाल वायरीत काही नव्हतं. ह्या मशीनने कोणालाही मारलेलं नाही."

"पण पोस्टमॉर्टेममध्ये विजेचा धक्का निघालाय," पंढरी म्हणाला.

"निघणारच. पण कधी बसला? चहा उकळेपर्यंत मान लाकूड होते का? तू हवालदार होतास, पंढरी."

पंढरीच्या एकदम लक्षात आलं. "म्हणजे तो दुपारीच गेला."

"दुपारी, गल्लीत लाइट नसताना. मग वीज कुठं होती? जनरेटर असलेल्या एकाच ठिकाणी. मलप्पा आपल्या नळीसाठी चांगलं पाणी शोधत होता. मीटरने त्याला सांगितलं की भावाच्या जारमध्ये न गाळलेलं बोअरचं पाणी आहे. त्या दुपारी तो मागच्या दाराने प्लँटात गेला आणि मीटर बुडवायला तिथल्या टाकीत हात घातला. कोणीतरी त्याच टाकीत पंपाची उघडी वायर सोडली. खाऱ्या पाण्यातून वीज झपकन जाते. मग त्याला इथं आणून टाकलं, झाकणाच्या स्विचवर तार पिळली आणि लाइट यायची वाट पाहिली."

"कोणीतरी!" गुरुपादप्पा हसला. "नाव घ्या की."

"कोरड्या टाकीतलं पाणी खळखळताना एकट्या तुम्हीच ऐकलंत. पाणी फिरल्याशिवाय मशीन चालत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून ते सांगितलंत. टाकीत मात्र डोकावला नाहीत."

त्यांनी पिशवीतून नवं मीटर काढून व्यंकटीने प्लँटातून आणलेल्या जारमध्ये बुडवलं. क्षाराचा आकडा चढत गेला, थांबेना. फौजदार वाकून पाहू लागला.

गुरुपादप्पाच्या कपाळावरचं भस्म घामाने ओघळलं. "चौकात जाऊन सांगणार होता," तो ओरडला. "सख्ख्यासारखा वाढवला, अन् मला चोर म्हणणार होता! ह्या दुष्काळात गल्लीला पाणी कोणी पाजलं? मी पाजलं!"

"आणि हिला काय पाजलंत?" उमाबाईंनी शिवकन्येकडे बोट दाखवलं.

फौजदाराने त्याचा दंड धरला.

फौजदार त्याला घेऊन गेला. नागुबाई शिवकन्येच्या पायाशी वाकली, शिवकन्येने तिला अर्ध्यातच धरलं. "मावशी, तुम्ही पाणी नेलं नसतं, तर मी जन्मभर..." मग तिने उमाबाईंना विचारलं, "म्हणजे माझ्या हातानं न्हाई झालं?"

"नाही."

"मी आठ दिवस रडले न्हाई, बाई. मारणारीनं काय म्हणून रडावं?" तिने कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "आता रडू का?"

पंढरी पुढे झाला.

"रड, पोरी," तो म्हणाला.

त्याने सगळ्यांना बाहेर काढलं, शेडचं शटर खाली ओढलं आणि कोणी आत जाऊ नये म्हणून उन्हात पायरीवर बसून राहिला.