भोकराईच्या पोटात

सोमवारी सकाळी भोकराईच्या डोंगराला सुरुंग लागणार होते. त्याआधी ओव्हरसीअर सूर्यभानला एकच गोष्ट शोधून काढायची होती: डोंगराच्या पोटातलं पाणी आणि पायथ्याच्या वस्तीचा झरा, हे एकच आहे की काय?

साल बहात्तर. खर्ड्याच्या वरच्या अंगाला विहिरी कोरड्याठाक पडल्या होत्या आणि अख्खी वस्ती त्या बोटभर धारेवर जगत होती. दुष्काळी कामातून निघालेला घाटरस्ता नेमका तोच डोंगर कापून जाणार होता. "नुसत्या शंकेवर आखणी बदलत नाही. पुरावा आणा," साहेबांनी बजावलं होतं. म्हणून रविवारी भर दुपारी सूर्यभान कपारीच्या तोंडाशी उभा होता. सोबत मोजणीची साखळी ओढणारा गोरक्ष, आणि वाट दाखवायला वस्तीवरची लंकाबाई. पन्नाशीची, काटक, तोंडानं फटकळ. तिची जाऊ साळूबाई खाली झऱ्यावर नजर ठेवून बसली होती.

कपारीतून गार वारा येत होता. थांबायचा, पुन्हा यायचा.

"डोंगूर श्वास घेतोय," गोरक्ष पुटपुटला.

"घेऊ दी की! तुजा कोंडला न्हाई म्हंजी झालं," म्हणत लंकाबाई आत सरपटली.

वीस हात... चाळीस हात! कोपरं सोलवटली. कंदिलाची ज्योत सारखी मागं वाकत होती. शेवटी कपार रुंदावली आणि समोर कुंड दिसलं: काळं, गुळगुळीत, इतकं निश्चल की त्यात हात घालायचीही सूर्यभानला भीती वाटली. त्यानं विहिरीत टाकायच्या लाल औषधाची पुडी त्यात रिकामी केली. पाणी जांभळं झालं. मग तो रंग हळूहळू लांबला आणि पलीकडच्या फटीकडे सरकू लागला.

"जातंय! खालीच जातंय!" तो कुजबुजला. वाट पाहत तिघं तिथंच टेकले.

बऱ्याच वेळानं खडकातून हाक आली.

"लंकेऽऽ!"

बाईचा आवाज. पातळ, लांबलेला. गोरक्षनं ओ द्यायला तोंड उघडलं, तोच लंकाबाईनं त्यावर हात दाबला. "गप! आशा जागी पयल्या दोन हाकांला ओ द्यायचा न्हाई. मानूस आसंल तर तिसऱ्यांदा हाक मारतंच."

"लंकेऽऽ!"

सूर्यभानच्या अंगावर काटा आला. शिकलेला माणूस, पण ओ देऊ या असं म्हणायचा धीर त्यालाही झाला नाही. तिघं तिसऱ्या हाकेची वाट बघत बसले. ती आलीच नाही.

धडाम!

डोंगर हादरला. दगड कोसळले. कंदील विझला! सूर्यभान चाचपडत मागं वळला. आल्या वाटेवर हाताला नुसता दगडांचा ढीग लागला. आणि अंधारात कुंडातून घटघट आवाज येऊ लागला, कुणी घाईनं पाणी प्यावं तसा. पाणी उतरत होतं. एका सुरुंगात ही गत, तर उद्या झरा राहणार कुठला?

काही वेळानं फटीतून पुन्हा आवाज आला.

"लंके! जिती हाईस का गं?"

"ओ! ओ गं साळे!" लंकाबाईचा आवाज चिरकला.

"आगं, टेकाडावर सुरुंगाचा लाल बावटा लागला म्हून दोनदा वरडले! तू ओ दिईना, म्हून त्यास्नी थांबवाया पळाले. पोचस्तवर बत्ती दिल्ती मेल्यांनी!"

वर मुकादमानं एक दिवस आधीच चाचणीचा बार उडवला होता. लंकाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

आवाजाच्या दिशेनं तिघं त्या फटीत शिरले. फट खाली उतरत गेली तसं पाणी छातीपर्यंत आलं, मग हनुवटीपर्यंत! पुढं दगड अडला. आतून गोरक्ष लाथा घालू लागला आणि बाहेरून पहारीचे घाव पडू लागले. साळूबाईनं वस्तीवरच्या बाया गोळा केल्या होत्या; दुष्काळी कामावर रोज खडी फोडणाऱ्या बाया त्या. तासाभरात उजेडाची चीर दिसली. त्यांनी तिघांना बखोटीला धरून बाहेर ओढलं.

झऱ्याखालची घागर जांभळ्या पाण्यानं भरली होती. धार मात्र सुतळीएवढी उरली होती.

संध्याकाळी साहेब जीपनं आले. घागरीत बघितलं, धारेकडं बघितलं. मग नकाशा काढून भोकराईवरची रेघ खोडली. "डोंगराला वळसा घालू. पण तुमच्या बायांना कामावर रोज दोन कोस चालावं लागेल."

"चालू की," लंकाबाई म्हणाली. "घोटभर पानी पिऊन निघाल्यावर मानूस चालतंय."

सूर्यभाननं पहार उचलली आणि साहेबांची परवानगी न घेताच जुन्या आखणीची पहिली खुंटी उपटायला तो टेकाड चढू लागला.