बाबांचं क्लॅरिनेट, माझे स्पीकर

माझा कान तिखट आहे, हे मी उगाच नम्रपणे वगैरे सांगणार नाही. नाट्यगृहांत, सभागृहांत आवाजाची यंत्रणा बसवणं हा माझा धंदा. कुठला स्पीकर घसा बसल्यासारखा बोलतोय, हे मला दारातूनच कळतं. बायको मला कानसेन म्हणते. म्हणते चिडवायला, पण चारचौघांत कौतुकाने सांगतेही तीच.

अशा माणसाच्या घरात आईने एक दिवस तोंडावर सांगितलं, "हे त्यांचं वाजवणं नाही."

बाबा क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांच्या मागे एकच कॅसेट उरली होती, तीही शेवटची ओळ अर्ध्यावर असताना संपलेली. मी ती संगणकात उतरवून घेतली आणि आईला ऐकवली. आईचं आता वय झालंय. फोटो पाहिल्याशिवाय बाबांचा चेहरा आठवत नाही, वाजवणं तेवढं आठवतं, असं ती म्हणते. तेही हातचं जायच्या आत तिने एकदा 'हो, हेच' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

आधी संगणकातल्या आकड्यांचा आवाज करणारं चांगलं यंत्र, डॅक, आणून जोडलं. आवाजावरचं मळभ गेलं.

"लांब आहेत," आई म्हणाली. "जिन्यात."

स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, त्यांची तोंडं तिच्या खुर्चीकडे वळवली, समोर जाड सतरंजी अंथरली.

"दारात उभे आहेत."

बायको माझ्याकडे बघायला लागली. मी मात्र खूश होतो. डोळे मिटून आवाजाची जागा सांगता यावी म्हणून लोक वर्षानुवर्षं घासतात, आणि माझ्या आईला ते उपजतच येत होतं. माझे कान कुणावर गेलेत ते कळलं.

"मग आत का येत नाहीत?" मी हसत विचारलं.

"तू मध्ये काहीतरी ठेवलंयस," ती म्हणाली. ती हसत नव्हती.

चूक सापडली तेव्हा मी कपाळावर हात मारला. संगणकातली एक सेटिंग मी पाहिलीच नव्हती. तो प्रत्येक आवाज आधी आपल्या मापात बसवून मगच पुढे पाठवत होता, मधल्या मध्ये स्वतःची अक्कल चालवत होता. त्याची ती ढवळाढवळ बंद केली.

दुपार होती. दार-खिडक्या लावल्या, पंखाही बंद केला. आई खुर्चीत, मी सतरंजीवर तिच्या पायाशी. संगणकात उतरवलेलं ते वाजवणं सुरू केलं आणि डोळे मिटले.

असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. बोटांखाली उघडझाप करणाऱ्या चाव्या ऐकू येत होत्या. ओळीआधी घेतलेला श्वास ऐकू येत होता. हे मी जमवलंय, या अभिमानाने मी मान डोलावत होतो.

शेवटची ओळ आली.

अर्ध्यावर थांबली नाही. पूर्ण झाली.

मग क्लॅरिनेटची पेटी बंद केल्याचा आवाज. टक, टक. दुसरा खटका बाबांकडून कधीच एका दाबात बसत नसे.

पुन्हा, टक.

"हो," आई म्हणाली. "हेच."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली. "अहो, दार उघडा आता, उकडेल आईंना. तुम्ही आत बसलात तेव्हाच वीज गेलीये. काय लावायचं ते आल्यावर लावा."

संगणक बॅटरीवर चालू होता. डॅकचा दिवा विझलेला होता. स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या अॅम्प्लिफायरचाही.

खरं सांगतो, तरीही आधी मनात आलं ते एवढंच, की आई हो म्हणाली.

मग मी स्टुलावर चढून कपाटावरची पेटी खाली काढली. झाकणावर वर्षानुवर्षांची धूळ होती, खटक्यांवरही, आणि तिच्यावर कुठे बोट उमटलेलं नव्हतं. मी पेटी उघडली.

क्लॅरिनेटच्या तोंडाशी बांधलेली, वाजवताना ओठांत धरायची वेताची पट्टी ओली होती.