तीन हिरवे दिवे

कुणी खोटं म्हटलं तरी चालेल. मी तिथं होते. माझ्या कानांनी ऐकलंय.

तीस वर्षं झाली. थंडीतली दुपार, चार वाजून दहा मिनिटं.

आमचे हे एका मालकाचं छोटं जेट विमान चालवायचे. मालकाला सोडून रिकामं विमान परत आणायचं होतं, म्हणून मला सोबत घेतलं. मी शेजारच्या खुर्चीत. कानांवर हेडफोन.

विमानात आम्ही दोघंच.

ह्यांची एक सवय होती. प्रत्येक गोष्ट मोठ्यानं विचारायची आणि स्वतःच उत्तर द्यायचं.

"इंधन?"

"पुरेसं."

"अहो, घरी तर तोंडातून शब्द फुटत नाही," मी म्हटलं.

"दोघांचं काम एकटा करतोय. दुसरा कुठून आणू?"

उतरायच्या वेळी ढग दाटले. खालून रेडिओवर रस्ता बदलायला सांगितलं. एकदा... मग पुन्हा. पंखांवर बर्फ धरू लागला. हे एका हातानं लिहीत होते, दुसऱ्यानं बटणं दाबत होते. कपाळावर घाम.

"चाकं?"

"खाली. तीन हिरवे दिवे."

ह्यांनी मान हलवली आणि पुढचं विचारायला घेतलं.

मी सहज समोर पाहिलं.

चाकं खाली आली की लागणारे ते दिवे... विझलेले होते.

"अहो, ते तीन दिवे लागायला हवेत ना?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. धावपट्टी समोर दिसत होती. उतरताना चाकं वरच राहिली की भोंगा वाजतो म्हणे. तो मुका होता. त्यांनी विमान तसंच वर उचललं, वळसा घालून चाकं सोडली आणि उतरवलं.

इंजिनं बंद झाली. ह्यांनी हेडफोन काढला आणि माझ्याकडे वळले.

"न बघता 'खाली' का म्हणालीस?"

"मी? तुम्हीच म्हणालात!"

"मी तुझा आवाज ऐकला."

मी तर... त्यांचा ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं भोंगा तपासला. ठणठणीत वाजला.

त्यानंतर हे प्रत्येक दिव्यावर बोट ठेवूनच उत्तर द्यायचे. विमान चालवणं सोडेपर्यंत.

त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. एकटीच्या घरात त्यांची सवय मला लागली. बाहेर पडताना मी मोठ्यानं विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे.

गेल्या आठवड्यात दारात चप्पल घालत होते.

"गॅस?"

"बंद."

त्यांचाच आवाज... अगदी कानाशी. इतक्या वर्षांनी ऐकून जीव सुखावला. डोळे भरून आले. मी कुलूपही लावलं.

मग ते तीन दिवे आठवले.

परत आत गेले. शेगडीवर दुधाचं पातेलं कोरडं पडून काळं झालं होतं. खाली निळी ज्योत... चालूच.

तेव्हापासून मी काही विचारत नाही. बटणावर बोट ठेवते आणि गुपचूप निघते.

आज सकाळीही तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

तरी जिना उतरताना मागून आवाज आला...

"सगळं बंद आहे. तू जा."